गियरबॉक्सला नळी घालणारी इंदूबाय

यंत्रांशी माझं कधी जमलं नाही. पण म्हणून मी त्यांचा नाद सोडला असंही नाही, आणि खरी अडचण तीच आहे. स्कूटरचं ॲव्हरेज वाढावं म्हणून मी एकदा पेट्रोलच्या टाकीत कसलंसं औषध ओतलं आणि ती स्कूटर साखळीहून कारापुरापर्यंत ढकलत नेली. वाटेत जो भेटेल त्याला व्यायाम करतोय म्हणून सांगितलं. माझं पोट पाहता कुणी शंका घ्यायला नको होती, पण घेतली. अशा माणसाला इंदूबायनं आपल्या गाडीच्या बॉनेटखाली हात घालू दिला. सगळी हयात नर्सच्या नोकरीत घालवलेल्या त्या बाईचं एवढं एकच निदान चुकलं असावं.

इंदूबाय इब्रामपुरात आमच्या शेजारी राहायची. शेजारी म्हणजे आमचं घर चढणीच्या पायथ्याशी आणि तिचं माथ्यावर. लहानपणीच्या पोलिओनं तिचा डावा पाय बारीक राहिला होता. त्याला लोखंडी पट्ट्यांचा आधार बांधून तिनं पेडणे तालुक्यातल्या आरोग्य उपकेंद्रांतून जन्मभर लसी टोचल्या. मी डिचोलीतल्या एका पतसंस्थेत कारकून, पन्नाशीला टेकलेला. पण तिच्या लेखी सुई बघून मेजाखाली लपलेला सदूच. चार माणसांत ती विचारायची, "सदू, अजून भियेतंस रे सुयेक?" मी भितो हे खरं आहे, पण ते चार माणसांत काढायचं काय कारण?

क्लच दाबायला डावा पाय नाही, म्हणून तिची गाडी ऑटोमॅटिक. निळी, जुनी, दुसऱ्याच्या हातची घेतलेली. तिनं घेतली तेव्हाच भरपूर धावलेली होती, पुढं तिनं आणखी पळवली आणि आकडा दोन लाखांच्या पार गेला. गाडी नवीन आली तेव्हा वाड्यावरचे लोक म्हणाले, गियर नसलेली गाडी कसली? ती म्हणाली, "गियर आसा रे. तो आपणच बदलता. तुमच्यासारखा तेका दहा वेळा सांगूचा लागणा नाय."

तिचं गाडीकडे बघणं वॉर्डातलं होतं. सकाळी इंजिन तापलं की ते चालूच ठेवून ती बॉनेट उघडायची, गियरबॉक्सचं तेल मोजायची लांब पट्टी बाहेर ओढायची, पट्टीचं टोक पांढऱ्या गॉजवर टेकवायची आणि तो डाग उन्हात धरून बघायची. मग वास घ्यायची. हे तेल मुळात लाल असतं. तिच्या गाडीचं हळूहळू काकवीसारखं झालं होतं. वास घेऊन झाला की ती मला तब्येत सांगायची, "आज बरी आसा," नाहीतर, "आज मातसा करपल्यासारखा येता." मातसा म्हणजे थोडं. मी उगाच नाक पुढं करायचो. मला सगळ्याच तेलांचा वास भज्यांचा येतो.

तिचा आणखी एक नियम होता. विचारलं तर खोटं सांगायचं नाही, आणि विचारलं नाही तर सांगायचंच नाही. "इचारलंस तर सांगतलंय," हे वाक्य तिच्या तोंडून मी इतक्या वेळा ऐकलं की एकदा पतसंस्थेत मॅनेजरलाच ऐकवलं. पुढचा महिनाभर मला कुणी काही विचारलं नाही. तर, या नियमापायीच सगळं घडलं. अंगणात घसरून तिचा उजवा हात मनगटाजवळ मोडला, तेव्हा एका हातानं गाडी चालवत ती स्वतः दवाखान्यात गेली, प्लास्टर घालून परत आली आणि मुलाला कळवलं नाही. मुलगा उमेश पर्वरीला असतो. तो रोज फोन करायचा, "आई, जेवलंस?" ती म्हणायची, "जेवलंय." डाव्या हातानं जेवलीस का, असं त्यानं विचारलं नव्हतं.

पुढं एका रविवारी तो अचानक आला आणि प्लास्टर पाहून ओट्यावरच बसला. ओरडला नाही. फक्त एवढं म्हणाला, "जोवर तुझी गाडी चलता, तोवर तू हय ऱ्हव. गाडी थांबली की माझ्याबरोबर पर्वरीला. आणि गाडी चलता की नाय, ता मी येवन बघतलंय. तुका इचारूचंय नाय." पर्वरीचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता, आणि तिथं तिला ओळखणारं, तिला रस्त्यात थांबवून बाळाचं गळू दाखवणारं कुणी नव्हतं.

आणि नेमकी तेव्हापासून गाडी थरथरू लागली. चढणीला लागली की हिवताप भरल्यासारखी अंगभर कापायची. गियर डी वर टाकला की जरा विचार करायची, मग धक्का देऊन निघायची. पुढच्या खेपेला उमेशनं हणखणेच्या चढावर ती थरथर स्वतःच्या हातांत अनुभवली. "पुढच्या वेळी अशीच आसली, तर सामान बांध," असं सांगून तो गेला.

आम्ही डिचोलीच्या गॅरेजात गेलो. तिथला मेकॅनिक बेळगावकडचा. त्यानं गाडी फिरवून आणली आणि मान हलवली. "मावशी, आतल्या प्लेटी झिजल्यात बगा. कवातरी खोलावंच लागतंय. आन् तेल सगळं काढून नवं घालू नका आता. त्या जुन्या तेलातल्या भुकटीवरच धरून हाईत त्या. एकदम धुतलं तर गाडी जागची हलायची न्हाई."

मी खिशातून फोन काढला. मी आठवडाभर व्हिडिओ बघितले होते, म्हणजे माझ्या हिशेबानं इंजिनियरिंगचं पहिलं वर्ष झालं होतं. "आणि हे? गियरबॉक्सच्या तेलात घालायचं औषध? जुन्या गाड्यांसाठी खास?"

"घाला की. रबरी सील जरा फुगत्यात, गळती थांबती, थरथर बी कमी हुती. पर झिजलेली प्लेट परत उगवत न्हाई."

बायनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "म्हणजे ताप उतरता, दुखणा ऱ्हवता."

"तसंच म्हणा."

परतताना तिनं सर्वण मागं टाकलं. मग म्हणाली, "सदू, ती बाटली मागव. उमेश आयतवारी येता. तेवढो एक दीस ती थरथरूची नाय."

मला हसू आलं, कारण मला अशा वेळी हसूच येतं. तिला आलं नाही. स्टेअरिंगवरचे तिचे हात पांढरे पडले होते.

बाटली आली, पण ती ओतायच्या आधी बायला देवीचा प्रसाद घ्यायचा होता. आमच्याकडे अडलं की सातेरीला विचारतात. पुजारी मूर्तीला फुलाच्या ओल्या पाकळ्या लावतो आणि सांगणं घालतो. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. लग्न, घर, आजार, सगळं विचारतात. गियरबॉक्सचं त्या देवळात पहिल्यांदाच निघत होतं. पुजाऱ्यानं सांगणं सुरू केलं, "गे माये, ही तुझी इंदू पुढ्यात उभी आसा. तिच्या गाडयेच्या ह्या... काय गे ता?"

"गियरबॉक्स," बाय म्हणाली.

"त्या गियरबॉक्साक औषध घालूचा काय नको? घालूचा तर उजवी दी, नको तर डावी दी."

पाकळ्या हलल्या नाहीत. बाय एका पायावर भार टाकून उभी, हात जोडलेले, डोळे मूर्तीवर. मी बाजूच्या खांबाला टेकलो. पुजाऱ्यानं पुन्हा सांगितलं. डावी पाकळी किंचित सरकली आणि बायचा श्वास अडकलेला मला ऐकू आला. ती तशीच लोंबत राहिली. मी मनात म्हणत होतो, अगं पड कुणीतरी. आणि मग उजवी, जिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, ती सुळकन खाली आली.

"दिली!" पुजारी म्हणाला. बाय खाली वाकली ती बराच वेळ वर आली नाही. मला वाटलं पाय अडकला. पाय अडकला नव्हता.

शनिवारी संध्याकाळी ती गाडीजवळ जाणार, एवढ्यात कुणाच्या तरी म्हाताऱ्याला इंजेक्शन द्यायला तिला बोलावणं आलं. जाताना ती सांगून गेली, "आदी बाटलीयेवढा तेल भायर काड, मगे औषध घाल. आणि बाकी कशाक हात लावू नको." यातलं शेवटचं वाक्य मी नीट ऐकलं असतं तर हा लेख इथंच संपला असता. मी थंड गाडी चालू केली, पट्टी काढली, पाहिली. तेल वरच्या खुणेच्या बरंच खाली. मी मनाशी म्हटलं, तेल आधीच कमी, त्यातून आणखी काय काढायचं? मग अख्खी बाटली ओतली. तरी खूण गाठेना. डिकीत नव्या तेलाचा डबा होता. तो उघडला आणि खुणेला टेकेपर्यंत ओतत राहिलो. वरची खूण गरम तेलाची असते, थंड तेल तिच्या खालीच दिसायचं, तापलं की फुगून वर येतं, हे त्या व्हिडिओत होतं. पण तिथवर पोचायच्या आधीच मी पुढचा लावला होता.

रविवारी सकाळी बाय गाडी तापवायला नदीपर्यंत जाऊन आली. मी वर तिच्या अंगणात पाव आणि चहा घेऊन कौतुक ऐकायला बसलो होतो. गाडी चढण चढताना आली ती रडत. इंजिन ओरडतंय आणि चाकं जागच्या जागी. कशीबशी अंगणात पोचली आणि खालून तेलाची धार लागली. बायनं इंजिन चालू ठेवून पट्टी ओढली. पट्टीवर तेल नव्हतंच, फेस होता. दूध उतू जाताना येतो तसा, खुणेच्या कितीतरी वर.

"सदू, किती ओतलंस?"

"खुणेपर्यंत," मी म्हणालो.

"थंड आसताना?"

मी पाव खाली ठेवला.

त्याच क्षणी फोन वाजला. उमेश. "आई, अस्नोड्याक पोचलंय. अर्ध्या तासात येतंय."

"ये," बाय म्हणाली आणि फोन ओट्यावर ठेवला. मला शिवी देईल, निदान गाढव तरी म्हणेल, म्हणून मी अंग आवळून उभा होतो. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "इंजिन बंद कर. न्हाणीतलो बाल्द हाड. आणि माझ्या कपाटात निळी पिशवी आसा, ती हाड."

मी बादली आणि पिशवी घेऊन धावलो. त्या पिशवीत जुन्या नोकरीतली हत्यारं होती. तिनं त्यातून एक मोठी सिरिंज काढली आणि एक लांब, बारीक नळी. पेशंटच्या नाकातून पोटात घालतात ती. वेष्टन दातांनी फाडलं.

"बाय, ही..."

"खाल्लेला जास्त झाला की काय करतत? काडतत," ती म्हणाली आणि पट्टीच्या भोकातून नळी आत सोडू लागली.

मी बरीच ऑपरेशनं सिनेमात पाहिली आहेत, पण बॉनेटवर ओणवून, निकामी पाय बंपरला टेकवून, गियरबॉक्सच्या घशात नळी घालणारी बाई पाहिली नव्हती. नळी मध्येच अडली. तिनं जोर लावला नाही. जरा मागं घेतली, बोटांत फिरवली, पुन्हा सोडली. "गीळ," ती पुटपुटली. मला नाही, गाडीला. नळी आत गेली. सिरिंज लावून तिनं दांडा ओढला आणि नव्या तेलानं लालसर झालेलं गरम तेल वर चढू लागलं. बादलीत रिकामी केली, पुन्हा लावली. तेल इतकं तापलेलं की नळी मऊ पडून चिकटायला लागली. ती फुंकर घालायची, थांबायची, पुन्हा ओढायची. मी बादली धरली होती आणि माझे हात थरथरत होते. गाडीची थरथर जाऊन माझ्यात आली असावी.

फोन पुन्हा वाजला. तिनं मानेनं खूण केली, मी कानाला लावला. "सदूकाका? दोडामार्ग सोडला." मी काहीतरी हो म्हटलं.

"इंजिन चालू कर. आता बघ." मी पट्टी काढली, अजून वर. "बंद. आणखी काडतंय." पुन्हा ओढलं. खालच्या वळणावर हॉर्न वाजला. तिनं शेवटची सिरिंज बादलीत रिकामी केली, मी इंजिन चालू केलं, तिनं पट्टी गॉजवर टेकवली. फेस बसला होता. तेल खुणेवर. तिनं नळी बाहेर ओढून बादलीत टाकली, बादली मी न्हाणीत लपवली आणि परत आलो तेव्हा ती पदरानं तोंड पुसत दारात उभी, जणू आत्ताच देवपूजा आटोपून आली होती. कपाळावर मात्र लाल तेलाचा एक फराटा राहिला. उमेशला तो कुंकवाचा वाटला असेल.

त्यानं चहा घेतला नाही. किल्ली मागितली. तो स्टेअरिंगवर, बाय शेजारी, मागं मी. हणखणेच्या चढाला गाडी लागली. मी सीटची कड घट्ट धरली. बायची पाठ ताठ. गाडीनं गियर बदलला, आणि मला कळलंच नाही. पुन्हा बदलला. ना थरथर, ना धक्का. खालच्या अंगाला काजूची झाडं सरकत होती, आणि गाडी अलगद वर चालली होती, नव्यानं शाळेत घातलेल्या पोरासारखी शहाणी. माथ्यावर पोचल्यावर उमेशनं आईकडे बघितलं. कितीतरी दिवसांनी त्याच्या कपाळावरची आठी गेली होती.

"बरी चलता गे. ऱ्हव तर हयच."

मला मागून टाळी वाजवावीशी वाटली. आम्ही जिंकलो होतो. त्यानं काही विचारलं नव्हतं. बायच्या नियमात हे बसत होतं.

"गाडी थांबव," बाय म्हणाली.

त्यानं थांबवली.

"ती बरी नाय, उमेश. मी तिका औषध घातलंय. तू येतलंस म्हणान. आतल्या प्लेटी झिजल्यासत. ह्या औषधान थोडे दीस गप ऱ्हवतली, मगे खयतरी थांबतली."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो, काजूच्या झाडांत मला अचानक फार रस निर्माण झाला होता.

"मी तुका इचारूक नाय," उमेश शेवटी म्हणाला. आवाज बदललेला.

"नाय इचारलंस."

"मगे कित्याक सांगलंस?"

"देवीन औषध घालूक उजवी दिली. लपवू काय, ता मी तिका इचारूकच नाय." मग म्हणाली, "ताप उतरवन पेशंटाक घरी धाडलो आणि कागदार बरो म्हणान लिवला, असा मी कधी करूक नाय. तुझ्या बाबतीत करूक गेलंय."

उमेशनं स्टेअरिंगवर कपाळ टेकलं. मला वाटलं, गेलं आता, सामान बांधायचं. पण तो वर झाला तेव्हा त्याचे डोळे ओले होते. "माका तुझ्या गाडयेचा भय नाय गे. तू सांगणंस नाय, तेचा भय." मग म्हणाला, "ज्या दिसा ती थांबतली, त्या दिसा तू फोन कर. तू. सदूकाका नाय, दुसरो कोण नाय. तोवर ऱ्हव."

ती राहिली. गाडी तो पावसाळा चालली, पुढची दिवाळीही तिनं पाहिली. बाय सकाळी पट्टी काढून गॉजवर टेकवत होती, आणि संध्याकाळी उमेशचा फोन आला की तो न विचारताच सांगत होती: आज करपल्यासारखा वास आला, आज गियर पडायला वेळ लागला, आज माझा पाय सुजला. ऐकून ऐकून तो कधी कधी म्हणायचा, "आई, बस झाला." मी समोर बसून चहा प्यायचो आणि मनात म्हणायचो, या बाईला एकदा सांगायची चटक लागली की आवरणं कठीण.

गाडी थांबली ती आमच्या चढणीच्या मध्यावर, भर दुपारी. मी पतसंस्थेला सुट्टी होती म्हणून स्कूटरवरून वर तिच्याकडेच चाललो होतो. निळी गाडी रस्त्याच्या कडेला, वळणाचे चारही दिवे लुकलुकत होते. बाय स्टेअरिंगवर सरळ बसून होती. इंजिन सुरू, गियर डी वर, आणि गाडी ढिम्म. तिनं माझ्यासमोर एकदा आर टाकला, एकदा डी. काही झालं नाही. मग तिनं इंजिन बंद केलं.

मी म्हणालो, "बाय, माझ्याकडे दुसरी बाटली आहे. आपण वर ढकलत नेऊ, रात्रभर..."

"नको रे. मी फोन केलंय तेका."

मी शेजारी उभा राहिलो. तिनं वाटेनं येणाऱ्या एका बाईला थांबवून तिच्या सुनेचा महिना कितवा चाललाय ते विचारलं आणि लोहाच्या गोळ्या बंद करू नको म्हणून बजावलं. उमेशची गाडी आली. त्यानं काही विचारलं नाही. डावीकडचं दार उघडून धरलं. बाय आपल्या गाडीतून उतरली, बॉनेटला हात टेकत पुढं गेली, त्याच्या गाडीत बसली आणि दोन्ही हातांनी डावा पाय उचलून आत घेतला. त्यानं मदत केली नाही; केली असती तर तिनं हात झटकला असता. सामान आणायला ते नंतर येणार होते.

"क्रेनवालो येता," उमेश मला म्हणाला. "तोवर बघशात?"

बघतो म्हटलं. गाडी वळणाखाली गेली. बायनं काच खाली घेतलेली मला दिसली, हात बाहेर आला नाही.

मग माझ्या लक्षात आलं की निळ्या गाडीचे दिवे अजून लुकलुकतायत. बॅटरी उतरेल म्हणून मी आत बसलो आणि ते बंद करायचं बटण शोधू लागलो. वायपर लावला. पाणी उडवलं. आतला दिवा पेटवला. रेडिओवर कुणीतरी बातम्या देऊ लागलं, तेही बंद करता येईना. बटण काही सापडलं नाही. शेवटी मी बाहेर उतरलो, दार ओढून घेतलं, आणि टिकटिक करत लुकलुकणाऱ्या त्या गाडीशेजारी क्रेन येईपर्यंत उन्हात उभा राहिलो.